लेकीच्या निकरचं कापड कोण बघतं?

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. धुळे-जळगाव-नंदुरबारहून येऊन सुरतेत वसलेल्या आपल्या घरांत कापड कोणाला कळत नाही? बाबा लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये, आई घरबसल्या साड्यांना स्टोन लावते, काका रिंग रोडच्या मार्केटात गिऱ्हाइकासमोर घड्या मोडतो. नुसतं बोटांत धरून माल ओळखणारी आपण माणसं. मुलीची निकर मात्र चौटा बाजारात इकडेतिकडे बघत घाईघाईने घेतली जाते. माप अंदाजाने, कापड न बघता, आणि लगेच पिशवीच्या तळाशी.

आई-बाबांनो, याविषयीच बोलायचंय. बाबांनी उठून जाऊ नये. विषय कापडाचा आहे.

सुरत हे पॉलिस्टरचं गाव. साडीला, पडद्याला ते झकास. पण घाम प्यायचं काम त्याचं नव्हे. कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल मुरलेली असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही मुरत नाही. तापीकाठच्या दमट पावसाळ्यात वर युनिफॉर्म, त्याखाली घट्ट लेगिंग, त्याखाली नायलॉनची निकर घालून मुलगी दिवसभर बाकावर बसते. जांघेत ओल साचते, कातडी सोलवटते, बुरशीला आयतं घर मिळतं. खाज सुटली तरी सांगायची कोणाला? मग मेडिकलवरून कुठली तरी ट्यूब येते. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, नंतर गजकर्ण अधिकच पसरतं आणि साध्या औषधाला दाद देत नाही. नवी सिव्हिल आहे, स्मीमेर रुग्णालय आहे. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, ट्यूब स्वतःहून आणू नका.

पाकिटावर ‘कॉटन’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बाबांना जाळून बघायची रीत माहीतच असेल. फक्त शिवणीचा दोरा ओढू नका, तो सुती कपड्यातही बहुधा पॉलिस्टरचाच असतो. आतल्या कापलेल्या कडेचं सूत काढा, चिमट्यात धरून काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि चिमटीत चुरणारी राख म्हणजे बहुधा कापूस. वितळून टणक मणी झाला, तर दुकानदार बदला. ताणासाठी थोडा लायक्रा असला तर बिघडत नाही. लेस आवडत असेल तर असू द्या की, मधला दुहेरी भाग मात्र सुतीच हवा.

माप कंबरेचं घेतो आपण, घ्यायला हवं नितंबांचंही. वाढत्या मुलीला मागच्या दिवाळीची निकर काचणारच. कंबरेवर इलॅस्टिकचे लाल वळ दिसले की ती बाद करा, धाकटीला देऊ नका. आणि सुती झालं म्हणून सगळं भागत नाही: कापूस भिजला की वाळायलाही वेळ घेतो. खेळून आल्यावर, पावसात भिजल्यावर लगेच बदलायची. रात्री सैल पायजम्याखाली काही घातलं नाही तरी चालतं.

वाळत घालण्याचं मात्र मला खरंच कळत नाही. बाबांचं बनियन गॅलरीत मिरवतं आणि मुलीची निकर टॉवेलखाली, मोरीतल्या खिळ्यावर, ओलसरच राहते. तशीच सकाळी अंगावर चढते. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, जंतुनाशकाची गरज नाही, आणि सरळ दोरीवर उन्हात टाका. पाहुणे येणार असले तरी.

वयात येताना अंगावरून थोडं पांढरं जातं, निकरला डाग पडतो. ते नॉर्मल आहे, हे आईने तिला आधीच सांगावं. दह्यासारखं जात असेल, घाण वास येत असेल, जळजळ होत असेल, तर डॉक्टर गाठावा.

पुढच्या खरेदीला तिला बरोबर न्या. रंग ती निवडेल. खानदेशात कपाशी वेचलेले हात अजून आपल्या घरात आहेत. आजीला कापड दाखवा, ती काडीसुद्धा न लावता सांगेल.