प्रोसेसरचा वेग आणि मदरबोर्डची निवड



आज शिक्षणासाठी अनेक घरांत संगणक आला आहे. पुष्कळ घरांत तो आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला असतो. अशा पैशांतून सुटे भाग घ्यायला आपला विद्यार्थी पनवेलहून हार्बरची लोकल पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला जातो, तेव्हा दुकानात मदरबोर्डचे रंगीत खोके पाहून गोंधळतो. "ओव्हरक्लॉकिंगला हाच घ्या," असे कोणी म्हटले की तो हजारो रुपये जास्त मोजतो. ते मोजावेत की नाही, हे त्याला स्वतःला ठरवता यावे, म्हणून हा पाठ.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर एका ठरावीक तालावर काम करतो. मूळ ताल गुणिले गुणक म्हणजे त्याचा वेग. १०० मेगाहर्ट्झ गुणिले ४० म्हणजे ४ गिगाहर्ट्झ, अर्थात सेकंदाला ४०० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा तो जास्त चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर याच कारणाने गाजला. त्याचा गुणक ४.५ असा पक्का होता. पण मूळ ताल ६६ वरून १०० केला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले. अबिट कंपनीच्या बीएच ६ या मदरबोर्डवर हा ताल बायॉसमधूनच बदलता येई, म्हणून तो बोर्ड हौशी लोकांचा आवडता झाला. प्रोसेसरमध्ये ताकद असली तरी ती वापरू देणारा बोर्ड लागतो, हा धडा आजही खरा आहे.

बोर्ड घेताना काय पाहावे?

१) चिपसेट : इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट (उदा. झेड ७९०, झेड ८९०) अशी जोडी लागते. बी ७६० किंवा बी ८६० वर प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. एएमडीच्या बहुतेक रायझेन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो. त्यांना बी ६५०, बी ८५० यांसारखा मधला चिपसेटही चालतो. मात्र ए ६२० व बी ८४० वर ही सोय नाही.

२) वीजपुरवठ्याचे फेज : बोर्डावर १२ व्होल्टचा दाब सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवणारा भाग असतो. त्याला व्हीआरएम म्हणतात. गणित करून पाहा. प्रोसेसर १५० वॅट घेत असेल तर १५० भागिले १.२५ म्हणजे १२० अँपिअर प्रवाह! तो ६ फेजमध्ये वाटला तर प्रत्येकाला २० अँपिअर, १२ फेजमध्ये वाटला तर १०. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून भाग सारखेच असतील तर १२ फेजच्या बोर्डात प्रत्येक फेज एक चतुर्थांश तापतो आणि एकूण उष्णता निम्मी होते. मात्र जाहिरातीतील आकड्यावर भिस्त ठेवू नये. फेजच्या भागांची क्षमता किती अँपिअर आहे आणि त्यांवर धातूचे जाडजूड हीटसिंक आहे का, तेही पाहावे.

३) बायॉस : सेटिंग चुकले तर संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी सेटिंग पुसणारे बटण व पेनड्राइव्हवरून बायॉस भरण्याची सोय असलेला बोर्ड उपयोगी पडतो.

उष्णतेचे गणित

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. काम फार तर दहा टक्के वाढले, उष्णता मात्र एक तृतीयांशाने! साधा पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पनवेलच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही गोष्ट विसरून चालणार नाही. म्हणून हिवाळ्यात जमलेले सेटिंग उन्हाळ्यात पुन्हा तपासावे. घरातील अर्थिंगही आधी तपासून घ्यावे.

प्रयोग करताना वेग एकदम न वाढवता १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्याने वाढवावा, प्रत्येक टप्प्यावर ताण देऊन चाचणी घ्यावी आणि आकडे वहीत लिहावेत.

जादा व्होल्टेजचा धोका खरा आहे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर नेहमीच्या वापरातही जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बायॉसमार्फत सुधारणा दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. पण आपण स्वतः वेग वाढवून केलेल्या नुकसानीला हमी सहसा लागू होत नाही.

मग निर्णय काय?

आजचे प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेत आपला वेग स्वतःच वाढवतात. हाताने वाढवून मिळणारा लाभ बहुधा थोडाच असतो. अभ्यास, टायपिंग, प्रोग्रामिंग एवढेच काम असेल तर साधा, मजबूत बोर्ड घ्या आणि वाचलेले पैसे रॅम व एसएसडीवर खर्च करा. यंत्राचे अंतरंग शिकण्याची हौस असेल, आणि प्रोसेसर जळाला तरी घरचे गणित कोलमडणार नसेल, तर जरूर प्रयोग करा. दुकानात शिरण्यापूर्वी प्रोसेसरचे नाव, चिपसेट आणि फेज या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. तो कागद खिशात असेल तर घरच्यांचे कष्टाचे पैसे खोक्याच्या रंगावर खर्च होणार नाहीत.