बंद इमारतीतील ओल आणि बुरशी

बेंगळूर शहरातील मल्लेश्वरम या भागाला तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळावरून नाव मिळाले. सतराव्या शतकातील या देवळाशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडले जात असल्याने मराठी वाचकास हे स्थान अगदीच परके नाही. भोवतालची वस्ती मात्र बरीच नंतरची. 1898 साली शहरात प्लेगची साथ आली. त्यानंतर दाट पेठांतील लोकांना मोकळ्या जागी वसवण्यासाठी हा भाग वाढवण्यात आला. सरळ रस्ते आणि घरांच्या मागून जाणारे सफाईचे बोळ यांमुळे उजेड व वारा घरात खेळत असे.

पुढे अशा वस्त्यांतून घरांच्या जागी दुकाने, बँका आणि कार्यालये उभी राहिली. त्यांना तळघरे आली, न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या आल्या, छताखाली फॉल्स सीलिंग आले. वारा बाहेर राहिला आणि ओल आत अडकली. बेंगळूरचा पाऊस वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या मानाने कितीतरी थोडा. परंतु तो नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमांत पडतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भिंतींना वाळण्यास सवडच मिळत नाही.

बुरशी ही सूक्ष्म तंतूंची बनलेली सजीव वस्तू होय. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. त्यांना इमारतीबाहेर ठेवणे कोणासही शक्य नाही. पेनिसिलिन देणारी बुरशीही याच गोतातली. तिच्यापासून औषध तयार करण्यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली कारखाना स्थापन झाला. बीजाणूंना अन्न लागते. लाकूड, कागद, सरस, सुती कापड आणि जिप्समच्या तक्त्यांवरील कागद या सर्वांत ते विपुल असते. उष्णता आपल्या देशात बहुधा असतेच. उणीव राहते ती पाण्याची. म्हणून बुरशीचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली, तर बुरशीला बहुधा मूळ धरता येत नाही.

हे पाणी नेहमी गळक्या छतातूनच येते असे नाही. पावसाळी संध्याकाळी हवेचे तापमान 24 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत 17 ग्रॅमहून थोडे अधिक बाष्प असते. तीच हवा वातानुकूलन यंत्राच्या 18 अंशांच्या थंड नळीला लागली की तिच्यात सुमारे 15 ग्रॅमच मावते. उरलेले दोन ग्रॅम थेंबांच्या रूपाने नळीवर साचतात, आणि फॉल्स सीलिंगच्या वर, कोणाच्या दृष्टीस न पडता, तक्ते भिजत राहतात. कुबट वास येऊ लागतो तेव्हा बुरशी बहुधा पुष्कळ पसरलेली असते. तिच्या बीजाणूंनी दमेकऱ्यास धाप लागते, इतरांस शिंका व खोकला होतो. आणि दुकानातील नोकरास तर त्याच हवेत दिवसाचे आठ-दहा तास काढावे लागतात.

तयारी पाऊस सुरू होण्यापूर्वीच करावयास हवी. गच्चीवरील पन्हळी व जाळ्या साफ कराव्या, कठड्यांच्या भेगा बुजवाव्या, तळघरातील पंप चालवून पाहावा. माल लाकडी चौकटींवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटा ठेवावा. सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरात एका दिवसात 130 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तेव्हा शहराच्या पूर्व भागातील अनेक तळघरांत पाणी शिरले. अशा वेळी पाण्याची व विजेची कळ कोठे आहे हे एकट्या मालकास ठाऊक असून भागत नाही.

बुरशी आलीच, तर तिच्यावर रंगाचा हात मारणे ही फसवी काटकसर होय. मेलेली बुरशीही श्वासास बाधते, आणि ओल कायम असेल तर रंगाचे पापुद्रे लवकरच सुटतात. प्रथम पाण्याचा उगम बंद करावा. त्या खोलीचे वातानुकूलन थांबवावे, नाहीतर बीजाणू इमारतभर पसरतात. फरशी, काच आणि धातू साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. जिप्समचा तक्ता किंवा गालिचा यांच्या आत तंतू शिरलेले असतात. ते पिशवीत बंद करून टाकून द्यावे. काम करणाऱ्याच्या नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातांत रबरी मोजे हवेत. विरंजक द्राव संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते सुमारे 10 चौरस फुटांपर्यंतचा डाग इमारतीच्या माणसांनी स्वतः साफ करण्यास हरकत नाही. त्याहून मोठ्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्यावा. भिजलेल्या वह्या व पुस्तके दोन दिवसांत वाळवणे अशक्य असल्यास ती गोठवून ठेवतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि सवडीने ती वाळवता येतात.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे शाळेतही पाहता येण्याजोगे आहे. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले, तर ते खोलीच्या हवेतले आहे.