तांबडा दिवा लागला आणि वाडा अंधारला

प्रश्न : लेकीबरोबर मी पुठ्ठ्याचा दुमजली वाडा केला आहे, प्रमाण 1:50. आत पिवळसर-पांढरे बारा एलईडी समांतर जोडले. 9 व्होल्टची बॅटरी आणि सगळ्यांना मिळून 100 ओहमचा एकच रेझिस्टर. छान लागत होते. मग देवघरासाठी तांबडा एलईडी जोडला, तर बाराच्या बारा विझले आणि तो एकटाच भगभगला. थोड्या वेळाने तो जळाला, तेव्हा बाकीचे पुन्हा लागले! असं का झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे भांडण रंगांचं आहे. प्रत्येक एलईडीचा एक उंबरठा असतो. तेवढा व्होल्टेज मिळेपर्यंत तो जवळजवळ वीज घेत नाही, आणि ओलांडला की एकदम भसाभसा घेऊ लागतो. तांबड्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी, म्हणून त्याचा उंबरठा सुमारे 2 व्होल्टचा. निळ्याचा 3 व्होल्टच्या आसपास. आणि तुमचे पांढरे दिवे मुळात निळेच आहेत! निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरा दिसतो. तांबडा एलईडी 1962 पासून होता, पण उत्तम निळा तयार व्हायला आणखी तीस वर्षं गेली. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा.

आता वाड्यात या. समांतर जोडणीत सगळ्यांवर व्होल्टेज सारखाच. तांबड्याने तो दोन-सव्वादोन व्होल्टवर धरून ठेवला, पांढऱ्यांना हवे होते तीन. ते उपाशी राहिले. आधी 60 मिलिअँपिअर बारा जणांत वाटले जात होते, प्रत्येकी 5. आता सगळे एकट्या तांबड्यातून गेले. असा दिवा बहुधा 20 मिलिअँपिअरच सोसतो. त्याच्या आतली जोडणी तुटली, वाट मोकळी झाली आणि पांढरे पुन्हा लागले.

म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. एक रुपया वाचवायला कुणी सगळ्यांना एकच सांगितला, तरी ऐकू नका. हिशोब सोपा : पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून दिव्याचा वजा करा, उरलेल्याला हव्या त्या अँपिअरने भागा. मोबाइलच्या चार्जरचे 5 व्होल्ट घेतले, तर पांढऱ्यासाठी 2 उरतात. 470 ओहम लावले की चारेक मिलिअँपिअर वाहतात. मॉडेलला तेवढे भरपूर होतात. 9 व्होल्टच्या बॅटरीत तुमची दोन तृतीयांश वीज रेझिस्टर तापवण्यात जात होती. ती बॅटरीच वापरायची असेल, तर दोन-दोन पांढरे एकसर जोडून प्रत्येक जोडीला 680 ओहम द्या. बॅटरी दुपटीहून जास्त पुरेल. पॉवर बँक मात्र टाळा. इतकी कमी वीज गेली, की फोन भरला असं समजून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दिवाळीची थेट 230 व्होल्टवर चालणारी माळ कापून वाड्यात घालू नका. त्या तारेवर एखादा ओरखडा पडला, तर मुलीचं बोट आणि घरची वीज यांच्यामध्ये काहीही उरत नाही.

मॉडेलवाले बहुतेक वेळा उजेड जास्तच करतात, आणि मला ते खटकतं. 3 मिलिमीटरचा एलईडी 1:50 मध्ये पंधरा सेंटिमीटरचा गोळा होतो. वाड्यात असा गोळा कुठे असतो? तो तुळईआड लपवा, उजेड भिंतीवरून परतू द्या. पुठ्ठ्यातून उजेड झिरपून भिंतीच चमकत असतील, तर आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या.

देवघरासाठी नवा तांबडा घ्याल, तेव्हा त्याला 5 व्होल्टवर 3,300 ओहम लावा. एकच मिलिअँपिअर जाईल. खोलीतला मोठा दिवा मालवून बघा, तेवढ्यात निरांजन लागल्यासारखं वाटतं.