मेंदूची उग्र गाठ आणि प्रतिकारशक्तीचा उपचार



नांदेड, परभणी, लातूरकडची आपली माणसे मोठ्या आजारासाठी हैदराबादला येतात आणि आबिड्स, कोठी भागातील नातलगांकडे उतरतात. अशा घरांतून हल्ली एक प्रश्न येतो : "डोक्यात कॅन्सरची गाठ निघाली आहे. इम्युनोथेरपी नावाचे नवे इंजेक्शन आहे म्हणतात, पण खर्च लाखांत आहे. शेत विकावे काय?" आज याच प्रश्नाचा नीट विचार करू.

१. गाठ कोणती?

मेंदूतील सर्वच गाठी सारख्या नसतात. काही साध्या असतात व शस्त्रक्रियेने कायमच्या जातात. मेंदूतच उत्पन्न होणारी, मोठ्यांमधील सर्वांत उग्र गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. ती शेतातील हरळीसारखी असते. वरची हरळी खणून काढली तरी काशा मातीत दूरवर राहतात. तशा या गाठीच्या पेशी चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी गाठ पुन्हा उगवते.

सकाळी डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, स्वभाव एकाएकी बदलणे, मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणे, ही लक्षणे दिसल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवीत बसू नये. डॉक्टरांना दाखवून तपासणी करून घ्यावी.

२. ठरलेला उपचार कोणता?

प्रथम शस्त्रक्रिया. नंतर साधारण सहा आठवडे किरणोपचार, ज्याला आपण 'शेक देणे' म्हणतो, आणि त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइड हे औषध. त्यानंतर तेच औषध दर २८ दिवसांतून ५ दिवस, असे सहा महिने. ही पद्धत २००५ साली ५७३ रोग्यांवरील अभ्यासातून रूढ झाली. केवळ शेक दिलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात सुमारे १० जण हयात होते. औषध जोडलेल्यांपैकी सुमारे २६. रोग पूर्ण बरा होतो असे नव्हे, पण लाभ सिद्ध झालेला आहे.

३. इम्युनोथेरपी म्हणजे काय?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार आहेत. कर्करोग त्यांना जणू ब्रेक लावून थांबवतो. निवोलुमॅबसारखी औषधे तो ब्रेक सोडवतात. या शोधाबद्दल अमेरिकेचे ॲलिसन आणि जपानचे होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा लाभ आपल्या देशातही दिसला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांचा अभ्यास झाला. ठरलेल्या औषधांना निवोलुमॅबची अगदी लहान मात्रा, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, जोडली. वर्षाअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेले.

४. मग मेंदूच्या गाठीत का नाही?

तेच औषध मेंदूच्या या गाठीतही तपासले गेले. शेक आणि टेमोझोलोमाइड यांना निवोलुमॅब जोडून ७१६ रोग्यांचा मोठा अभ्यास झाला. निम्मे रोगी जितका काळ जगले तो काळ औषध जोडलेल्यांत सुमारे २९ महिने, न जोडलेल्यांत ३२ महिने. म्हणजे आयुष्य वाढले नाही. गाठ पुन्हा उगवलेल्या ३६९ रोग्यांच्या अभ्यासातही बेव्हॅसिझुमॅब या जुन्या औषधापेक्षा ते सरस ठरले नाही.

कारणे अशी : (अ) या गाठीत राखणदार पेशी फार थोड्या पोहोचतात. (आ) मेंदूची सूज उतरवण्यासाठी लागणारे डेक्सामेथासोन प्रतिकारशक्ती दडपते. म्हणून ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्याने जिवावर बेतेल. (इ) एकाच गाठीतील पेशी एकसारख्या नसतात. एका खुणेवर नेम धरला तर ती खूण नसलेल्या पेशी वाचतात व वाढतात.

फार थोड्या गाठींत जनुकीय बिघाड अतिशय मोठ्या संख्येने असतात. अशा काहींना या औषधाचा गुण आला आहे. बॉस्टन येथील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन रोग्यांना त्यांच्याच पेशी बदलून मेंदूत सोडल्या. गाठी काही दिवसांत आटल्या, पण दोघांच्या पुन्हा वाढल्या. आशा आहे, मात्र हा अजून प्रयोग आहे, ठरलेला उपचार नव्हे.

५. घरच्यांनी काय करावे?

(१) ठरलेला उपचार अर्ध्यावर सोडू नये. नव्याच्या शोधात शेकाच्या तारखा चुकवू नयेत.

(२) पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट घ्यावा. त्यात आयडीएच व एमजीएमटी या तपासण्या आहेत का ते विचारावे. पुढचा अंदाज त्यावरून बांधतात.

(३) कोणी इम्युनोथेरपी सुचवल्यास विचारावे : "या गाठीत आयुष्य वाढल्याचा पुरावा कोणता? आमच्या रिपोर्टात असे वेगळे काय आहे?" आतडी, फुप्फुसे, यकृत यांना सूज येण्याचा धोकाही समजून घ्यावा.

(४) प्रयोगात भाग घ्यायचा असेल तर तो भारताच्या चाचणी नोंदवहीत नोंदलेला आहे का ते पाहावे. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. खर्च कोण करणार हे लेखी घ्यावे.

(५) दुसरे मत अवश्य घ्यावे. आबिड्सजवळ रेड हिल्स येथे एम. एन. जे. हे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथे वेदनाशमनाचा विभागही आहे. वेदनाशमन म्हणजे हार मानणे नव्हे. ते पहिल्या दिवसापासून घेता येते.

राहिला शेताचा प्रश्न. पुष्कळांना वाटते की, सर्वस्व विकले नाही तर आपण आपल्या माणसाला सोडून दिले. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा इतरांवर अतिभार टाकणारे उपाय करण्याचे बंधन नाही. ज्या औषधाने या गाठीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, त्यासाठी मुलांच्या तोंडचा घास विकू नये. तोच पैसा रोग्याच्या औषधाला, जाण्यायेण्याला, शुश्रूषेला लावावा. आणि त्याच्या उशाशी बसण्यासाठी वेळ राखावा.