गवताची मोजणी आणि इमारतीची वर्गणी

विद्येच्या इमारती कशा उभ्या राहतात, हे आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली मिळकत शिक्षणासाठी ठेवली. १९१६ साली स्थापन झालेल्या के. एल. ई. संस्थेच्या मागे शिक्षकांची जिद्द आणि दात्यांचे औदार्य दोन्ही होते. शाळा, वसतिगृह किंवा देऊळ म्हटले की आपल्याकडे हात खिशात जातो. परंतु गाईबैल आणि गवत यांचा अभ्यास करण्यासाठी इमारत बांधावयाची आहे, असे म्हटल्यावर काय होते? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या आजोळी, माळव्यातील हाटपिपल्या या गावी मिळाले. तेच प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

हाटपिपल्या देवास जिल्ह्यात आहे. देवास आणि धार ही पवारांची संस्थाने; त्यामुळे तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ पासून देवासलाच राहिले, एवढे सांगितले म्हणजे ते गाव वाचकांस परके वाटू नये. भोवताली काळी जमीन. तिच्यात नांगर ओढणारा माळवी बैल आपल्या खिलारासारखाच नावाजलेला. आज तेथे ट्रॅक्टर आणि सोयाबीन यांचे राज्य आहे. बैल कमी झाले, आणि गायरान, ज्याला तिकडे चरनोई आणि आपल्या कन्नड बांधवांत गोमाळ म्हणतात, तेही आक्रसत चालले आहे.

माझा मामेभाऊ पशुवैद्यकाचा पदवीधर. त्याच्या महाविद्यालयाने पशुधन व चराऊ रानांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरविले आणि माजी विद्यार्थ्यांना पावतीपुस्तके पाठविली. सुट्टीत मी गेलो होतो, म्हणून दादाबरोबर बाजारपेठेत हिंडलो. दोन दिवसांत जमले अकराशे रुपये, आणि त्यांतले पाचशे मामांचे! एका किराणा दुकानदाराने विचारले, "ही गोशाळा आहे का?" दादा म्हणाला, "नाही, प्रयोगशाळा आहे." "मग तिच्यात गाय कोठे बांधणार?" दादाजवळ उत्तर नव्हते. छापील पत्रकात इमारतीचे क्षेत्रफळ होते, मजले होते, अंदाजपत्रक होते. गाय मात्र कोठेच नव्हती. याच गावात डोल ग्यारसेला नृसिंहाची मूर्ती पाण्यावर तरंगताना पाहण्यासाठी हजारो लोक लोटतात आणि देवासाठी कोणी हात आखडीत नाही. तेव्हा लोक कंजूष होते असे म्हणता येत नाही. दोष आमच्या मागण्यात होता.

पूर्वी हे काम कोणी साधले आहे काय, हे मी पुढे शोधू लागलो, तेव्हा मुंबईचे उदाहरण हाती आले. १८३४ साली मुंबईत पांजरपोळ निघाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा हे तिचे पुढारी. तिचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक लागा बसवून घेतला. कोणा एकावर भार नाही आणि उत्पन्न मात्र दरसालचे, ही त्यातली खुबी. हा पहिला मार्ग.

दुसरा मार्ग एका मोठ्या दात्याचा. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळ येथे जागा दिली आणि आपल्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. १८८४ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, ते फीत कापून नव्हे, तर पहिला रोगी म्हणून आलेल्या बैलाच्या गळ्यात हार घालून! दोन वर्षांनी, १८८६ साली, त्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. आधी रोगी, मग विद्यार्थी, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. विद्या कशासाठी, हे दात्याला आवारात शिरताच दिसत होते.

तिसरा मार्ग मुठीमुठीने जमविण्याचा. महर्षी कर्व्यांनी आयुष्यभर तो चोखाळला. १९२० साली ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी त्यांच्या विद्यापीठास मिळाली खरी. पण तत्पूर्वी कितीतरी वर्षे लहान वर्गण्यांनी काम जिवंत ठेवले होते. मोठी देणगी चालत्या कामाकडे येते. कागदावरील कामाकडे ती क्वचितच येते.

आता मूळ प्रश्न : त्या इमारतीत गाय नसेल, तर असेल काय? हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

साधारण चारशे किलो वजनाच्या जनावरास दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दहा किलो कोरडा चारा लागतो. गायरानात किती चारा आहे हे पाहण्यासाठी एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट जमिनीवर टाकावी, आतील गवत कापावे, पुरते वाळवावे आणि तोलावे. एक चौरस मीटरात जितके ग्रॅम, त्याच्या दसपट किलो एका हेक्टरात. पैकी निम्मेच जनावरांना द्यावे. निम्मे मुळांना बळ राहावे, बी पडावे आणि माती झाकलेली राहावी म्हणून सोडावे. निम्मे खा, निम्मे राखा, हा चराऊ रानाचा पहिला नियम होय.

दादाने पुढच्या आश्विनात हेच केले. जवळच्या एका वस्तीचे गायरान चाळीस हेक्टरांचे, जनावरे तीनशे. पावसाळाभर चरलेल्या जागी चौकटीत वाळलेले गवत भरले नव्वद ग्रॅम. म्हणजे हेक्टरी नऊशे किलो, निम्मे साडेचारशे. चाळीस हेक्टरांत अठरा हजार किलो. तीनशे जनावरे रोज तीन हजार किलो खातात. म्हणजे उरलेला चारा अवघ्या सहा दिवसांचा! मग त्याने देवळाच्या कुंपणाआडचे, गुरे न शिरलेले गवत कापले. ते तीनशेवीस ग्रॅम भरले. त्याच हिशेबाने एकवीस दिवस निघाले.

हा तोल त्याने पारावर, लोकांसमक्ष केला. म्हातारे गुराखी पुढे सरसावले. पूर्वी पवना आणि मारवेल कोठे होते, आता कुसळ कोठे माजले आहे, हे त्यांनीच दाखविले. तोच किराणा दुकानदार म्हणाला, "एका चौकटीवर सगळ्या रानाचा हिशेब कसा धरता?" याहून चांगला प्रश्न परीक्षकही विचारणार नाही. चौकट वीस ठिकाणी टाकली पाहिजे, तीही पाच-दहा वर्षे, कारण पाऊस दरसाल सारखा नसतो. गवत वाळविण्यास भट्टी हवी, पोषण तपासण्यास प्रयोगशाळा हवी, गवतांचे नमुने आणि बी जतन करण्यास खोल्या हव्यात, वर्षावर्षांच्या नोंदी ठेवण्यास कपाटे हवीत. "त्यासाठीच ती इमारत," दादा म्हणाला. या वेळी पावत्या फाडताना त्याला बोलावे लागले नाही. कोणी पन्नास दिले, कोणी शंभर. गुराख्यांनी देवळामागचा तुकडा दोन वर्षे राखण्याचे कबूल केले. माझ्या मते ती सर्वांत मोठी देणगी होय.

हे शास्त्र आपल्या देशात नवे नाही. झाशी येथे १९६२ साली भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या धारवाडास आहे. माळवा आणि दख्खन यांची गवते एकाच पवना-मारवेल गटात मोडतात, त्यामुळे हाटपिपल्याचा प्रश्न आपलाही आहे. माळवी बैलांसाठी महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या कृष्णाकाठच्या बैलांची जात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहे.

विद्यार्थीमित्रहो, यावरून मी तीन गोष्टी शिकलो. देणगी मागताना भिंती दाखवू नयेत, भिंतींच्या आत होणारे काम दाखवावे. बांधकामाबरोबर दरसालच्या खर्चाचीही तजवीज करावी. लाख रुपयांची ठेव सहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजारच देते, हे विसरल्याने कितीतरी प्रयोगशाळांना कुलपे लागली आहेत. आणि तिसरी गोष्ट, ज्याचा अभ्यास करावयाचा ते आधी वाचवावे. इमारत पूर्ण होईल त्या दिवशी गायरान उरले नसेल, तर तिच्या काचेच्या कपाटांत आपण काय ठेवणार?

दादाचे महाविद्यालय अजून निधी जमवीत आहे. देवळामागचा तुकडा मात्र राखला गेला. गेल्या आश्विनात मी स्वतः तेथे चौकट टाकून आलो.