शाळेचे उत्तरदायित्व आणि व्यवसाय शिक्षणाचा निधी : गेवराई तालुक्याच्या संदर्भात एक अभ्यास

बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण तीरावर पसरलेला आहे. पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो, तर धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गेवराई शहरावरून जातो. कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांत बागायती पिके आली. तथापि कोरडवाहू गावांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणीस जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. या पार्श्वभूमीवर शाळेच्या उत्तरदायित्वाचा आणि व्यवसाय शिक्षणाच्या निधीचा विचार एकत्र करणे अगत्याचे ठरते.

मानके कशाची?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शाळेने काय द्यावयाचे हे या कायद्याने प्रथमच निश्चित केले. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन झाले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, अशी तरतूद आहे. पुढे २०१५ मध्ये शाळांच्या स्वयंमूल्यमापनासाठी ‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यात ७ क्षेत्रे व ४६ मानके निश्चित करण्यात आली.

ही मानके उपयुक्त आहेत यात शंका नाही. मात्र २२० दिवस हे शाळा भरल्याचे दिवस होत. त्यांपैकी किती दिवस एखादा विशिष्ट विद्यार्थी वर्गात होता, हा प्रश्न वेगळा आहे. पटसंख्येसाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक प्रदीर्घ काळ मानला गेला. शिक्षकांच्या पदांची संचमान्यताही याच दिवसाच्या पटावर आधारण्यात आली. ऊसतोडणीच्या गावांत या दिवशी वर्ग भरलेला असतो. त्यानंतर काही आठवड्यांतच टोळ्या निघतात. जी मुले आईवडिलांबरोबर जातात, त्यांतील लहान कोपीवर राहतात, तर थोडी मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात किंवा फडात मोळ्या बांधू लागतात. शाळेचा पट कायम राहतो. मुलाचे सुमारे पाच महिने जातात.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारी याच कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांचा मार्ग बीड जिल्ह्यात अवलंबिण्यात आला. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाला दोन वेळचे जेवण व अभ्यासाची सोय गावातच मिळावी, असे त्याचे स्वरूप. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. एकूण ४१ तालुक्यांत मुलांचे व मुलींचे प्रत्येकी एक, अशी ८२ वसतिगृहे योजिली गेली.

आठवी आणि नववी यांमधील फट

आता व्यवसाय शिक्षणाकडे वळू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के या प्रमाणात निधीची व्यवस्था झाली. तीत व्यवसाय प्रशिक्षकाचे मानधन, हत्यारे व साधने आणि कच्चा माल यांचा समावेश आहे. हे शिक्षण प्रामुख्याने नववीपासून सुरू होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रवेशही मुख्यत्वे दहावीनंतर मिळतो.

शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण मात्र १४ वर्षे वयापर्यंत, म्हणजे साधारणपणे आठवीपर्यंत आहे. जेथे कायद्याची हमी संपते तेथूनच व्यवसाय शिक्षणाचा निधी सुरू होतो. नेमक्या याच वयात मुलाच्या हाती कोयता येण्याची भीती सर्वाधिक असते. ज्याला हाताच्या कौशल्याची गरज सर्वांत अधिक, तो मुलगा किंवा ती मुलगी निधी पोहोचण्यापूर्वीच शाळेबाहेर पडलेली असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांना स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना काम शिकण्याची संधी सुचविली आहे. ही फट सांधण्याचा हा एक मार्ग होय.

पाबळचा अनुभव

लहान वयात काम शिकविण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे विकसित झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीसाठी असून त्यास माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी त्याची चार अंगे आहेत. आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाचा असतो. विद्यार्थी केलेल्या कामाची सेवा गावाला देतात. त्यामुळे कामाचा दर्जा केवळ परीक्षकच नव्हे, तर गावकरीही तपासतो. उत्तरदायित्वाचे याहून सोपे मानक सापडणे कठीण आहे.

पुढील दिशा

गेवराईसारख्या तालुक्यात कृषिपंपाची दुरुस्ती, ठिबक संचाची देखभाल, शिवणकाम, दुग्धव्यवसाय ही कामे गावातच उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारे तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. एक, पटाची नावनिहाय पडताळणी सप्टेंबरबरोबरच जानेवारीतही व्हावी आणि शाळेचे मूल्यमापन दोन्हींवर व्हावे. दोन, टोळ्या निघण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीने कोणते मूल कोठे राहणार याची नोंद करून वसतिगृहाची मागणी आराखड्यात घालावी व सहावीपासूनच्या हस्तकौशल्याची जोड त्यास द्यावी. तीन, निधीच्या उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर किती विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यांपैकी किती पुढील प्रशिक्षणास गेले, याचीही माहिती द्यावी.

उत्तरदायित्व एकट्या मुख्याध्यापकाचे नाही. प्रशिक्षक व साधने वेळेवर पोहोचविण्याचे दायित्व निधी देणाऱ्या यंत्रणेकडेही तेवढेच येते. जानेवारीच्या हजेरीपटावर सप्टेंबरमधील सर्व नावे उपस्थित आढळली, तर त्या गावात शाळा व शासन दोघांनीही आपले काम केले असे म्हणता येईल.