गायतोंड्यांवर लिहिताना

मणिबेली, ता. अक्कलकुवा

प्रिय पोरी,

चित्रकार गायतोंड्यांवरचा तुझा निबंध सावकाश वाचला. भाषा देखणी आहे. पण त्यांच्या कॅनव्हासवरचे रंगाचे थर म्हणजे आपलं बुडीत, असं तू लिहिलंस, तिथे मी अडलो.

१९९३ साली सरदार सरोवर धरणाचं पाणी आपल्या गावात शिरलं. पुढे शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्यात गेलं. त्या पाण्याखाली कुणाचं घर, कुणाचं शेत, हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. गायतोंड्यांनी मात्र सुरुवातीच्या काळानंतर चित्रात ओळखीची वस्तूच नको, असं ठरवलं. त्यांच्या रंगाखाली आपलं गाव ठेवलंस, तर दोघांवरही अन्याय होईल.

तुझ्या निबंधातल्या झेनचंही तसंच. त्यांना झेनची ओढ होती, हे खरं. पण ‘शांत’, ‘ध्यानस्थ’ हे शब्द त्यांच्या कुठल्याही चित्राखाली खपतात. म्हणजेच एकाही चित्राबद्दल ते काही सांगत नाहीत.

तू त्यांच्या हाताकडे बघ. रोलरने आणि पॅलेट नाइफने ते रंग पसरत, ओला असतानाच उचलत, कागदाचे तुकडे दाबून आकार उमटवत. रंग कुठे दाट राहिला, कुठे खालचा थर वर आला, कुठल्या कडेशी आकार विरला? हे नेमकं लिहिलंस की अर्थाला पाय ठेवायला जागा मिळेल. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. ते मांडणाऱ्या संधिनी पोद्दार यांनी त्याच्या शीर्षकात रंगवण्याची प्रक्रिया आधी ठेवली, जगणं नंतर. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.

छापील चित्रांवर विसंबू नकोस. मुंबईत आहेस, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चौकशी कर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही त्यांचं काम आहे, परवानगी काढून जा. एकाच चित्रासमोर तासभर बस. वही नंतर उघड.

आणि बुडीत तुला दिसलं, ते खोटं नाही, पोरी. मणिबेलीच्या मुलीला ते दिसणारच. ते जरूर लिही, पण शेवटी, ‘मला दिसलं’ असं स्वतःच्या नावावर घेऊन. चित्रकाराच्या तोंडी घालू नकोस.

नवा मसुदा कागदावर छापून पाठव. समास मोठा ठेव, मला लिहायला जागा लागेल.

तुझे,
गुरुजी